युनिटमागे सात किलोमीटर

विद्युतदाहिनीचं लोखंडी दार खाली आलं, तेव्हाही वाघमोडे सरांना रडू आलं नाही. त्यांनी बटण दाबणाऱ्या माणसाला विचारलं, "एका वेळेला किती युनिट जातात हो?"

तो जरा गडबडला. "भट्टी गरम असली तर दीडशे, सर."

सरांनी मान डोलावली. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. किलो, लिटर, किलोमीटर म्हटलं की त्यांना हायसं वाटे. शेर-मैलांची भानगड नको. डायलिसिसच्या दिवशी बायकोचं वजन दोन किलो वाढलेलं दिसलं, की नर्सच्या आधी तेच सांगत, "दोन लिटर पाणी काढावं लागणार." तिला न्यायला-आणायला घेतलेली विजेवरची गाडीसुद्धा अशीच सरळ होती. युनिटमागे सात किलोमीटर, किलोमीटरमागे सव्वा रुपया.

दवाखान्यातून परतताना ती दर वेळी म्हणायची, "अहो, एकदा मालवणला जाऊ या ना. समुद्र बघायचाय मला."

सरांचं उत्तर ठरलेलं असे. "जाऊन-येऊन हजार किलोमीटर आहे. वाटेत चार्जिंग कुठे मिळणार? पुरायचं नाही."

आत भट्टी घरघरत होती. सरांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. लेकीने त्यांचा दंड धरला. "बाबा, चला आता. सगळे खोळंबलेत."

"दीडशे गुणिले सात," सर दाराकडेच बघत म्हणाले. "एक हजार पन्नास. पुरलं असतं गं. वर पन्नास उरले असते."