दोनशे सत्त्याऐंशी क्रमांकाची तळटीप

मकेरेताचा प्रबंध त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत सुवा शहरातल्या विद्यापीठात द्यायचा होता. समुद्राने गिळलेल्या तिच्या गावाचा तो इतिहास. आता चारशे अकरा तळटीपा एकसारख्या करायच्या, एवढंच उरलं होतं.

तिने सगळ्या निवडून एकच फाँट, एकच आकार दिला. पाच वर्षांचा गोंधळ क्षणात ओळीत आला. तिला आनंदाने खुर्चीत बसवेना. "बघ सेमी, राष्ट्रगीताला रग्बीचा संघ उभा राहावा तशा दिसतायत."

"दोनशे सत्त्याऐंशी सोडून," मी म्हणालो.

ती एकटीच तिरकी होती. मकेरेताने सरळ केली, तर पुन्हा तिरकी झाली.

"सरक, तुला साधा माउस धरता येत नाही," म्हणत मी करून पाहिलं. तीच गत.

मग आम्ही ती वाचली. 'मुलाखत: उनाइसी बुबू. खोली बारा.' पुढे आजची तारीख.

उनाइसी बुबू म्हणजे मकेरेताची आजी. गावाचं मूळ नाव एकट्या तिला ठाऊक होतं, आणि ते न सांगताच ती मार्चमध्ये वारली. खोली बारामध्ये आम्हीच बसलो होतो.

मी खुर्ची दाराकडे सरकवली. मकेरेताचे डोळे मात्र चमकत होते. "अरे, ती सांगायला आलीय." तिने रेकॉर्डर चालू करून टेबलावर ठेवला आणि रिकाम्या खुर्चीकडे वळली. "बुबू, आपल्या गावाचं मूळ नाव काय गं?"

खोलीत कसलाच आवाज नव्हता.

रेकॉर्डरच्या पडद्यावरची आडवी रेघ, कुणी सावकाश बोलत असावं तशी, वरखाली होऊ लागली.