चौथा खांब

नदी उतरल्यावर चौथ्या खांबाचा पाया उकरून पाहिला. दगड न् दगड जागच्या जागी होता. इंजिनियर बाहुबली चौगुल्यांनी स्वतः खाली उतरून हातोडी मारली. आवाज भरीव आला.

"मुकादम, पायाला काहीच झालं नाही," ते म्हणाले.

एकोणीस वर्षं कृष्णेवरचा हा पूल सयाजी मुकादमाच्या देखरेखीखाली होता. शहात्तरच्या पुरात चौथ्या खांबावरचा सांधा बोटभर उघडलेला त्याला दिसला. खांब खचला असं समजून त्यानं हमरस्ता बंद केला. पुलाच्या दोन्ही तोंडांना बैलगाड्या आडव्या लावल्या आणि पलीकडच्या तोंडाला स्वतः उभा राहिला.

दुपारी एक जीप आली. आत अडलेली बाळंतीण. सयाजीनं जीप सोडली नाही, पायीही कुणाला जाऊ दिलं नाही. जीप लांबच्या पुलावरून फिरून गेली. पोर जगली. बाई वाटेतच संपली.

जीपवाल्यानं साताऱ्याला तक्रार केली. तिच्या चौकशीला बाहुबली आले होते. मूळचे सांगलीकडचे, या भागात नवे.

"आत कोण आहे, पाहिलं होतंत?"

"व्हय सायेब. जवळ जाऊन पायलं."

"तरी सोडलं नाहीत?"

"मागं यस्टी हुती, भरल्याली. एकाला सोडलं, तर दुसऱ्याला कुठल्या तोंडानं अडवायचं?"

बाहुबलींना त्याच्या थंडपणाचा राग आला. त्यांची स्वतःची बायको दिवसांत होती. निलंबनाचा कागद नंतर लिहू, आधी त्या घरी जाऊन माफी मागा, असं त्यांनी बजावलं. मुकादम पुढं चालू लागला. घर कुणाला विचारावं लागलं नाही.

ओसरीवर त्या बाईचा नवरा, अर्जुना, बसला होता. मांडीवर महिन्याची पोर. सयाजी पायरीखालीच थांबला. हे मुकादम माफी मागायला आलेत, असं बाहुबलींनीच सांगितलं.

अर्जुना उठला आणि पायऱ्या उतरून थेट सयाजीसमोर आला. आता हा काय करतो, म्हणून बाहुबली मध्ये पडायला सरसावले.

अर्जुनानं पोर अलगद मुकादमाच्या हातात दिली.

"घ्या मामा. आईवर गेलीया म्हणत्यात समदी. तुमची विजू ल्हानपनी अशीच दिसायची का वो?"