आरशातली अर्धी गाडी

डेट्रॉइटला आम्ही नवी गाडी आधी भट्टीत तापवून मऊ केलेल्या मातीतून घडवतो, आणि तीही अर्धीच. कडेला उभा आरसा लावला की उरलेली अर्धी त्यात दिसते. मेहनत वाचते.

आमच्या तीन गाड्या वरच्यांनी नाकारल्या होत्या. ही चौथी. हीसुद्धा पडली, तर आमच्या स्टुडिओला कुलूप लागणार होतं.

सकाळी कंपनीच्या प्रमुख लिंडक्विस्टबाई आल्या, आरशासमोर थबकल्या आणि चक्क हसल्या.

“अगं बाई! मागचे पंख परत आणलेत? माझ्या आजोबांच्या गाडीला होते अगदी तस्से!”

मी चमकून पाहिलं. आमच्या मातीच्या गाडीची मागची बाजू सपाट होती. आरशातल्या गाडीला मात्र उंच, धारदार पंख होता.

“लोरेटा, तू केलंस हे?” माझा जोडीदार कॅझ पुटपुटला.

“गप रे. त्यांना आवडलंय ना!”

“ठरलं, हीच गाडी!” बाई म्हणाल्या. “आरसा हटवा, दुसरी बाजू आजच सुरू करा.”

आम्ही आरसा सरकवला. त्यामागची रिकामी फरशी मीच तासाभरापूर्वी झाडली होती. आता तिथे मातीची दुसरी अर्धी गाडी उभी होती, पंखासकट, आमच्या अर्धीला एकही फट न ठेवता जुळलेली.

ती आम्हीच आधी करून ठेवली असं सगळ्यांना वाटलं, आणि स्टुडिओभर टाळ्यांचा कडकडाट झाला. कॅझने मला घट्ट मिठी मारली.

“जिंकलो गं!” मग कानाशी हळूच म्हणाला, “पण भट्टी तर कालपासून बंद आहे.”

मी पंखावर तळहात ठेवला. माती गरम होती, आणि माझ्या हाताखाली पंख अजून वर चढत होता.