रिकामं स्टूल

पूर चढायच्या आधी व्हिएतनाममधल्या होई आन गावातली माणसं तांदूळ माळ्यावर टाकतात. आम्ही घरचे फोटोही दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवतो.

घरात आम्ही तिघं: आई, मी आणि धाकटा तोआन. फोटोत तिघंच असली तर मधलं माणूस आधी जातं म्हणतात. म्हणून आई दरवेळी शेजारी लाल प्लॅस्टिकचं स्टूल ठेवायची. ते धरून चार. मधे नेहमी मीच असायचे.

यंदा त्याच स्टुलावर बसून मी नवी प्रत उघडली. प्रत्येक फोटोत मी स्टुलावर बसले होते. मधे एक अनोळखी मुलगी हसत होती, आईच्या गळ्यात हात टाकून.

घाईघाईनं जुनी डिस्क लावली. तिथंही तेच.

"आई, ही मधली कोण गं?"

आई पडद्यावर वाकली. "कोण म्हणजे? आपली दिएप की!"

"दिएप मी आहे! आणि ही स्टुलावर बसलेली?"

"स्टूल तर रिकामंच आहे."

मग ती स्वयंपाकघराकडे वळून ओरडली, "दिएप, हे स्टूल माळ्यावर टाक बाई. इथं उगाच पायात येतंय."

मी उठायला गेले. उठवेना.

आतून माझाच आवाज आला, "आले गं, आई!"