ग्रामसभेत पिचरचा मास्क

स्टीलचा पेला रतनबाईच्या तोंडावर आदळला, टण्णकन वाजला आणि उडून ग्रामसेवकाच्या मांडीत पडला. रतनबाईनं डोळे गच्च मिटून घेतले होते. ते तिनं हळूच उघडले. नाक जागेवर होतं. दातही होते.

"तर मी काय म्हनत हुते," ती म्हणाली, "शाळेच्या मैदानात तुमी दुकानांचे गाळे बांदले, तर आमच्या पोरींनी खेळायचं कुठं?"

सगळ्या माना सरपंचाच्या खुर्चीकडं वळल्या. पुंजारामला आजवर कुणी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नव्हता. पहिल्या प्रश्नालाच तो हाताला येईल ते फेकून मारायचा, आणि विचारणारा खाली बसायचा. सरपंच खरं तर त्याची बायको, भागिरथीबाई. जागा बायकांसाठी राखीव निघाली म्हणून तिला उभं केलेलं. पण सरपंचाच्या खुर्चीत पुंजाराम बसायचा, आणि भागिरथीबाई खाली सतरंजीवर, बायकांच्या ओळीत. पदर भुवयांपर्यंत ओढलेला. सांगितलं की सही करायची. गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "तापतो तो सभेतच," लोक म्हणायचे. "घरी गडी लई थंड. कधी भांड्याचा आवाज न्हाई."

रतनबाईच्या तोंडावर होता तो तिच्या मुलीचा, निकिताचा मास्क. सॉफ्टबॉलचा. लोखंडी सळ्यांची जाळी, आतून स्पंज, मागं पट्टा. निकिता शाळेच्या संघात पिचर होती, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारी. आधी ते काम आरती करायची. पाथर्डीच्या सामन्यात एक फटका थेट तिच्या तोंडावर बसला. पुढचे दात गेले, आणि बापानं तिचं खेळणं बंद केलं. मग शाळेत खेळ शिकवणाऱ्या ज्योती मॅडम नगरला गेल्या आणि हा मास्क घेऊन आल्या. अख्ख्या संघाला एकच. तो घातल्यापासून निकिता समोरून येणाऱ्या चेंडूला हटत नव्हती. रतनबाई हे रोज कुंपणापाशी उभी राहून बघायची.

आज सभेला निघताना तिनं मास्क खुंटीवरून काढला.

"आई, त्यो बॉलसाठी हाय," निकिता म्हणाली.

"बॉल न्हाई तर पेला. तोंड तर तेच हाय ना?"

आणि आता पेला येऊन गेला होता. मागच्या रांगेतून म्हातारा गहिनीनाथ उठला.

"रतनबाई, तुमचं झालं आसंल तर जरा हिकडं द्या."

मास्क हातोहात मागं गेला. गहिनीनाथनं फेटा उतरवला, मास्क चढवला. आईबरोबर सभेला आलेल्या निकितानं धावत जाऊन त्याचा पट्टा आवळला. "आजोबा, हनुवटी आत घ्या," ती म्हणाली. त्यानं घेतली, आणि गाळे नक्की कुणाच्या मेव्हण्याला मिळणार आहेत, असं विचारलं. शाईचा पॅड आला. जाळीवर बसला. म्हाताऱ्याच्या मिशा निळ्या झाल्या, पण त्यानं प्रश्न पुन्हा विचारला.

मग रांगच लागली. सोसायटीचा कल्याण, पिठाच्या गिरणीवाला सहादू, आरतीचा बापसुद्धा. प्रत्येकानं मास्क चढवायचा, निकितानं पट्टा ओढायचा, प्रश्न विचारायचा, वस्तू झेलायची, आणि मास्क पुढच्याला द्यायचा. स्टेपलर आलं. कॅलेंडर आलं. सत्कारासाठी आणलेला नारळ आला, तेव्हा सहादूनं मान वाकवून तो कपाळपट्टीवर घेतला आणि सभेनं टाळ्या वाजवल्या. नारळ फुटला. पोरांनी खोबरं वाटून खाल्लं.

शेवटी ग्रामसेवकानं घसा खाकरला. "मलाही जरा बोलायचं होतं," असं म्हणून त्यांनी चष्मा काढला, मास्क नीट चढवला आणि पुंजारामकडे तोंड केलं. "मैदान शाळेच्या नावावर आहे. तिथं गाळे बांधताच येत नाहीत. मी हे पहिल्या दिवशीच सांगणार होतो."

त्यांच्यावर पाण्याचा जग आला. ते भिजले, पण समाधानानं खाली बसले.

लोक हसून हसून लोळत होते. पुंजाराम घामाघूम झाला होता. टेबल रिकामं झालं होतं. उरली होती फक्त सभा सुरू करायची पितळी घंटा.

तेवढ्यात बायकांच्या ओळीतून भागिरथीबाई उठली. चालत पुढं आली. टेबलाच्या अलीकडं, नवऱ्याच्या बरोबर समोर थांबली. सभेत तिचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता.

"मी सरपंच हाय," ती म्हणाली. "मैदान पोरींकडंच राहू द्या, आसं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

सगळ्यांचे हात वर गेले. पुंजारामचाही गेला, पण त्याच्या हातात घंटा होती.

"काकू, थांबा!" निकिता ओरडली. ग्रामसेवकाच्या तोंडावरचा मास्क तिनं ओढून काढला आणि धावत भागिरथीबाईपुढं धरला. लोक अजून हसतच होते. आता घंटा कशी वाजते, ते सगळ्यांना ऐकायचं होतं.

भागिरथीबाईनं मास्क हातानं बाजूला सारला. नवऱ्यावरची नजर तिनं हलवली नाही.

"ऱ्हाऊ दे, पोरी," ती म्हणाली. "मला घरची सवय हाय."