वाघ केवढा होता?

सोमारी गेल्यावर तिच्या आठवणीचा सागाचा खांब कोरायला झिंगू बसला. माणसानं आयुष्यात जे केलं, तेच त्याच्या खांबावर येतं, असा गावचा रिवाज. सोमारीचं काय कोरायचं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मोहफुलं वेचताना वाघानं तिच्या मुलाचा, लालसूचा, उजवा हात मनगटापासून तोडला आणि म्हातारीनं कुऱ्हाडीनं वाघाला पळवून लावलं. मोहाखाली रक्ताचा सडा पडला होता म्हणे. ही गोष्ट ती स्वतःच मरेपर्यंत सांगायची.

झिंगूनं आधी म्हातारी कोरली, मग तिची कुऱ्हाड. मग पटाशी थांबवून त्यानं सोमारीच्या सुनेला विचारलं, "जैनी, तू तं तिथीच होती. वाघ केवढा होता वं?"

जैनीचा हात कपाळावरच्या जुन्या व्रणाकडे गेला.

लालसू उठला. सगळ्या गावासमोर त्यानं हाताचं थोटूक खांबावर ठेवलं.

"वाघ आलाच नोता, झिंगूभाऊ. मी इले केसाले धरून दगडावर आपटून राह्यलो होतो. मायनं कुऱ्हाड माह्याच हातावर घातली. वाघाच्या जागी मले कोर."