टपालाची नोंद

तक्रारींची मेलपेटी रिकामी होती. गौरीने ती बंद केली, पुन्हा उघडली. सोमवारचे साडेअकरा वाजले होते.

यवतमाळच्या त्या बियाणे कंपनीत कॉम्प्युटरचं कळणारी ती एकटीच. त्या वर्षी बोंडअळीने कपाशी आतून पोखरली होती. कंपनीचं बियाणं पेरलेले लोक रोज चाळीस-पन्नास तक्रारी, किडक्या बोंडांच्या फोटोंसकट, मेलने पाठवत. रविवारपर्यंत पोचलेल्या तक्रारींमधलीच शेतं तपासली जाणार होती आणि त्यांनाच कंपनीला भरपाई द्यावी लागणार होती. यादी न्यायला कृषी खात्याचे तपासणीचे साहेब तीन वाजता येणार होते. आणि शनिवार रात्रीपासून एकही तक्रार आलेली नव्हती.

फोन वाजला. घाटंजीचे विठ्ठलराव होते.

"पोरी, कालपासून तीनदा मेल पाठवला. वापस येऊन राह्यला. आमच्या गावचे बावीस जन हायेत त्याच्यात."

"पायते काका," म्हणत तिने फोन ठेवला.

शुक्रवारी तिने कंपनीची वेबसाईट नव्या होस्टिंगवर हलवली होती. मालक, श्रीकृष्ण सर, शेजारी खुर्ची ओढून बसले होते. पंचावन्नाव्या वर्षी माणसाला शिकायची केवढी हौस! तिने त्यांना सातबाराच्या भाषेत समजावलं. डोमेनच्या, म्हणजे वेबसाईटच्या नावाखाली नोंदी असतात. एक सांगते, वेबसाईट कुठं राहते. दुसरी सांगते, टपाल कुठं टाकायचं. बिऱ्हाड हलवलं की दोन्ही नव्या वहीत उतरवायच्या. दुसरी राहिली तर वेबसाईट झकास उघडते, मेल मात्र बंद.

"लगेच बंद पडते?" सरांनी विचारलं होतं.

"नाई सर. जुनी नोंद काही तास लोकांच्या कॉम्प्युटरच्या ध्यानात राह्यते. मंग बंद."

आता तिने नोंदी उघडल्या. वेबसाईटची होती. टपालाची नव्हती.

शुक्रवारी आपण ती टाकली, असं तिला अगदी पक्कं वाटत होतं. पण वाटण्याला कोण विचारतो? शनिवारचे मेल जुन्या नोंदीच्या जिवावर आले असणार. हिशेब बरोबर जुळला. बावीस जण एका गावचे. बाकीच्या गावांचे किती? नोंद पुन्हा टाकण्याआधी सरांना सांगणं भाग होतं.

केबिनमध्ये शिरताच तिला रडू फुटलं. सगळं भडाभडा सांगून ती मान खाली घालून उभी राहिली.

सर रागावले नाहीत. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "रडू नको बेटा. मानसाच्या हातून व्हते."

"लोकं मले सोडतील का, सर?"

"पोलिसात जातील, सांगता येत नाई. असं कर, एक कागद लिहून दे. नोंद माह्या हातून राह्यली, कंपनीले माहीत नव्हतं. बाकी मी सांभाळून घेतो."

तिने लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. सरांनी कागद दोनदा वाचला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. गौरीला वाटलं, या माणसाच्या पाया पडावं. दुसऱ्या कुणी उभ्या उभ्या हाकलून दिलं असतं.

तिने डोळे पुसले. "सर, मी नोंद टाकते आता. विठ्ठलरावांले अन् बाकीच्यांले सांगते, पुन्हा पाठवा म्हणून. साहेब आले की त्यांच्या हातापाया पडू. एक दिवस तरी वाढवून देतील."

"राहू दे."

"पाच मिन्टाचं काम हाये, सर."

"तुह्यासाठी पाच मिन्टाचं," सर चष्मा पुसत म्हणाले. "शनिवारी थे नोंद काढून टाकाले मले दीड घंटा लागला."